शिकलगाराच्या हाती तंबोरा

उदगीरच्या किल्ल्याच्या तटावर उभे राहिले की खाली पसरलेले शहर दिसते आणि वाऱ्याखेरीज दुसरा आवाज नसतो. फेब्रुवारी १७६० मध्ये या परिसराने वेगळेच आवाज ऐकले होते. सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखालील मराठी फौजा, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि निजामाचे सैन्य यांच्यातील ही झुंज उदगीरची लढाई म्हणून इतिहासात नोंदली गेली. या विजयानंतर भाऊंकडे उत्तरेच्या मोहिमेचे नेतृत्व आले आणि पुढच्याच वर्षी पानिपत घडले. बखरी आणि कागदपत्रे सरदारांची नावे सांगतात, तोफांचा उल्लेख करतात, तहाची कलमे देतात. पण त्या हजारो तलवारींना धार लावणाऱ्या माणसांची नावे कोठेही नाहीत.

ती माणसे म्हणजे शिकलगार. शस्त्राला झिलई देणे, घासून लखलखीत करणे या अर्थाच्या अरबी शब्दापासून सैकलगर हा शब्द झाला आणि मराठीच्या तोंडी बसताना त्याचा शिकलगार झाला. हा व्यवसाय एका धर्माचा नव्हता. नांदेडमध्ये शीख शिकलगारांची वस्ती आहे, तर दक्षिण महाराष्ट्रात या व्यवसायात मुसलमान कुटुंबे मोठ्या संख्येने होती. लढाया होत राहिल्या तोवर शिकलगाराला कामाची ददात नव्हती. लढाया संपल्यावर त्यांचे काय झाले, हा प्रश्न इतिहासाची पुस्तके सहसा विचारीत नाहीत. बहुतेकांच्या वाट्याला सुऱ्या, कात्र्या आणि विळे आले. सायकलीवर सहाणेचे चाक बसवून गल्लोगल्ली फिरणारा धारवाला हा त्याच व्यवसायाचा उरलेला अंश आहे.

मात्र मिरजेतील एका शिकलगाराने वेगळी वाट धरली. फरीदसाहेब हे त्याचे नाव. हिंदुस्थानी संगीताच्या मैफलींत जे मिरजेचे तंबोरे आणि सतारी दिसतात, त्या साऱ्या परंपरेचा उगम या एका माणसाच्या हातांपाशी जाऊन पोहोचतो.

मिरज हे पटवर्धनांचे संस्थान. आदिलशाही, मोगल आणि मराठे अशा सत्तांचे येणेजाणे या गावाने पाहिले. भुईकोट किल्ला, त्याभोवती खंदक आणि किल्ल्याच्या आश्रयाने राहणारे कारागीर अशी त्याची रचना होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पटवर्धन सरदारांकडे मिरजेची जहागीर आली. तेव्हा पटवर्धनांचे घोडदळ हा पेशव्यांच्या सैन्याचा मोठा आधार होता आणि साहजिकच शिकलगारांच्या भट्ट्याही पेटलेल्या असत. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. पटवर्धनांची संस्थाने टिकली, पण इंग्रजांच्या छत्राखाली. फौज बाळगायचे कारण उरले नाही. तलवारी म्यानात गेल्या त्या जवळजवळ कायमच्याच. दसऱ्याच्या पूजेपुरत्या त्या बाहेर निघत. एक पिढी जुन्या पुण्याईवर निभावली असेल. दुसऱ्या पिढीच्या पोटावर पाय आला. पुढे १८७८ च्या शस्त्रकायद्याने उरलीसुरली आशाही संपवली. फरीदसाहेब या दुसऱ्या पिढीच्या काळातले.

लढाई गेली तरी संस्थानिकांची हौस गेली नव्हती. सत्तेची जागा कलेने घेतली, असे या काळाबद्दल म्हणता येईल. शेजारच्या सांगलीत पटवर्धनांच्याच आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सीतास्वयंवराचा प्रयोग केला आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला. मिरजेच्या दरबारात गाणे होते. उत्तरेतून गवई आणि वादक येत, त्यांच्यासोबत त्यांची वाद्ये येत. तंबोरा किंवा सतार तेव्हा उत्तरेतूनच आणावी लागे. रेल्वे नव्हती. बैलगाडीच्या प्रवासात भोपळ्याला तडा जाणे, दांडी सांध्यातून निखळणे, खुंट्या सैल पडणे हे नित्याचेच. कोरड्या हवेत तयार झालेले वाद्य कृष्णाकाठच्या पावसाळ्यात फुगे आणि बेसूर होई. वाद्य बिघडले की ते परत पाठवण्यात महिने जात आणि तोवर गवई हात चोळत बसे.

मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकीकत अशी की, १८५० च्या सुमारास संस्थानाधिपती बाळासाहेब पटवर्धन यांनी असे एक बिघडलेले वाद्य फरीदसाहेबांकडे दिले. शस्त्रांची नाजूक कारागिरी करणारा हात हेही करू शकेल, असा त्यांचा कयास असावा. फरीदसाहेबांनी आपले बंधू मोईनुद्दीन यांच्यासह ते वाद्य उकलले, पाहिले आणि दुरुस्त करून दिले. मग दुसरे आले, तिसरे आले. दुरुस्तीसाठी उघडलेले प्रत्येक वाद्य हीच त्यांची शाळा झाली. कोणी उस्ताद समोर बसवून शिकवणारा नव्हता. उत्तरेतील घराण्यांची कारागिरी त्यांनी तुटलेल्या सांध्यांतून वाचली. त्यानंतर एक दिवस त्यांनी स्वतःच नवा तंबोरा घडवला आणि दरबाराने तो स्वीकारला.

ही गोष्ट ऐकायला सोपी वाटते. पण तलवार आणि तंबोरा यांत अंतर किती! एक पोलादाचे, दुसरे भोपळ्याचे आणि लाकडाचे. शिकलगाराला लोखंडाचे पाणी कळत असेल. लाकडाचा स्वभाव कळण्याचे कारण काय? फरीदसाहेबांना जवळजवळ सारेच नव्याने शिकावे लागले असणार, आणि म्हणूनच त्यांच्या कामाचे टप्पे समजून घेतल्याशिवाय त्यांचे मोठेपण कळत नाही.

पहिला प्रश्न भोपळ्याचा. तंबोऱ्याचा भोपळा भाजीचा नव्हे. तो कडू, जाड सालीचा आणि मोठ्या घेराचा असावा लागतो. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर आणि मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेच्या परिसरात असा भोपळा पिकतो. मिरजेपासून हा मुलूख फार दूर नाही, आणि मिरजेत हा धंदा रुजण्याचे ते एक मोठे कारण होय. पिकलेला भोपळा महिनोन्‌महिने वाळवावा लागतो. वाळल्यावर तो कापून आतला गर आणि बिया काढतात. मग पाण्यात भिजवून साल मऊ करतात आणि आत काड्यांचे टेकू देऊन त्याला हवा तो आकार देतात. पुन्हा वाळू देतात. भोपळा निसर्गाने दिलेला असल्याने कोणतेही दोन सारखे नसतात. म्हणजे पुढचे सारे माप त्या एका फळावरून ठरते.

यानंतर लाकूड. तून जातीचे हलके, तांबूस लाकूड मुरवून घेतात. भोपळा आणि दांडी यांना जोडणारा गळा, आतून पोकळ केलेली लांब दांडी आणि भोपळ्याच्या तोंडावर बसणारी तबली या तीन भागांत वाद्याचे भवितव्य असते. गळ्याचा सांधा कच्चा राहिला तर तारांच्या ताणाने वर्ष-दोन वर्षांत दांडी पुढे झुकते. तबली जाड राहिली तर नाद कोंडतो आणि पातळ झाली तर ती खचते. ती किती तासायची याचे माप फुटपट्टीवर नसते. कारागीर बोटाने ठोकून ऐकतो, थोडे तासतो, पुन्हा ठोकतो. मग सरस, खुंट्या, घोडी, सूक्ष्म सुरासाठीचे मणी, कडेची नक्षी आणि अखेरीस लाखेची झिलई. नक्षीवर सामान्य गिऱ्हाईक भुलते, ते साहजिकच आहे. गवई मात्र आधी दांडीला कान लावतो.

पण खरी परीक्षा घोडीची. तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवरून जातात ती ही घोडी. व्हायोलिनची घोडी वर धारदार असते आणि तार तिला एका रेषेतच स्पर्श करते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते, आणि तिचा माथा डोळ्याला सपाट दिसला तरी त्याला अतिशय मंद उतार असतो. छेडलेली तार या उतारावर क्षणोक्षणी घासत, सुटत, पुन्हा टेकत राहते. त्यातूनच एका सुरात अनेक वरचे सूर जागे होतात आणि गायकाला ज्याच्या आधाराने उभे राहता येते तो भरलेला गुंजारव निर्माण होतो. यालाच जवारी म्हणतात. उतार जरासा जास्त झाला तर सूर मुका होतो. कमी झाला तर तो भरभरतो, चिरकतो. तारेखाली सरकवलेला सुती दोरा हा शेवटचा उपाय. मूळ काम कानशीचे आणि घासण्याचे. त्यातील फरक केसाइतकाही नसतो. सर सी. व्ही. रामन यांनाही या घोडीने कोड्यात टाकले होते. तार जेथे छेडली जाते तेथे स्थिर बिंदू असलेले वरचे सूर उमटू नयेत, असा पाश्चात्त्य भौतिकशास्त्राचा नियम होता. तंबोऱ्यात ते स्पष्ट उमटतात, आणि त्याचे कारण या घोडीच्या रचनेत आहे, हे त्यांनी १९२१ च्या आपल्या निबंधात मांडले.

आता शिकलगाराचे काम आठवा. तलवारीच्या पात्यावर मंद उतार देणे, तो सर्वत्र सारखा राखणे, डोळ्याला न दिसणारा उंचसखलपणा बोटाच्या टोकाने ओळखणे आणि घासून घासून नाहीसा करणे, हेच त्याचे कसब होते. फरीदसाहेबांना लाकूड आणि भोपळा नव्याने शिकावा लागला असेल, पण जवारीसाठी लागणारा हात त्यांच्या घरात पिढ्यांपासून होता. मिरजेच्या तंबोऱ्याची कीर्ती मुख्यतः त्याच्या जवारीवर उभी आहे, हा मला योगायोग वाटत नाही. संस्थानिकाने सुताराला न बोलावता शिकलगाराला बोलावले, यातील मर्म बहुधा त्या क्षणी कोणालाच उमगले नसेल.

कारागिराच्या आयुष्यातील अशी वळणे त्या काळात अन्यत्रही दिसतात. फरीदसाहेब मिरजेत तंबोरा घडवीत होते त्याच दशकात स्पेनमधील सेव्हिल शहरात आंतोनियो दे तोरेस हा सुतार गिटार घडवीत होता. आल्मेरियाजवळ १८१७ मध्ये जन्मलेल्या तोरेसने गिटारचे पोट मोठे केले, वरची फळी पातळ केली आणि तिच्या आतून पंख्याच्या आकारात लाकडी पट्ट्या बसवून तिला बळ दिले. आजची शास्त्रीय गिटार त्याच्याच मापांवर चालते. नाद वरच्या फळीत असतो, कडांत आणि पाठीत नव्हे, हे दाखवण्यासाठी त्याने १८६२ मध्ये कडा आणि पाठ चक्क कागदी पुठ्ठ्याची केलेली गिटार बनवली. तंबोऱ्याच्या तबलीला पट्ट्यांची तशी मांडणी नसते. तिला दिलेला किंचित फुगवटाच तारांचा ताण पेलतो. पण तबली बोटाने ऐकत तासायची, हे तत्त्व दोन्हीकडे एकच. दोघांना एकमेकांची गंधवार्ताही नसणार. आणखी एक साम्य सांगितले पाहिजे. एवढ्या कर्तबगारीनंतरही केवळ गिटारवर तोरेसचे भागले नाही. १८७० च्या सुमारास त्याने सेव्हिलचे दुकान बंद केले आणि आल्मेरियात चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान काढले. काही वर्षांनी तो पुन्हा गिटारकडे वळला आणि १८९२ मध्ये वारला. आपल्या कामाचे रहस्य बोटांच्या टोकांत आहे, ते सोबतच जाणार, अशा आशयाचे त्याचे बोलणे एका स्नेह्याने लिहून ठेवले आहे.

फरीदसाहेबांनी मात्र रहस्य सोबत नेले नाही, आणि माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम हेच. त्यांनी हा हुन्नर भावाबरोबर वाटून घेतला, पुढच्या पिढीला दिला, आणि भाऊबंदांच्या घरांतून तो पसरत गेला. एकाने भोपळा आणि दांडी जोडावी, दुसऱ्याने नक्षी कोरावी, तिसऱ्याने जवारी काढावी, अशी कामाची वाटणी होत गेली. मिरजेत एक अख्खी गल्ली सतारमेकर गल्ली म्हणून ओळखली जाऊ लागली. घराण्याचे नावही बदलले. शिकलगारांची मुले सतारमेकर झाली. अर्धे मराठी आणि अर्धे इंग्रजी असलेले हे आडनाव ऐकताना मौज वाटते. पण ज्या राजवटीने या घरांचा जुना धंदा मोडला, तिच्याच भाषेतून त्यांनी नव्या धंद्याचे नाव घेतले, हे लक्षात आल्यावर ती मौज उरत नाही.

या गल्लीचे नशीब असे की, तिला ऐकणारे कानही गावातच मिळाले. ख्याल गायकी महाराष्ट्रात आणणाऱ्यांचे अग्रणी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरज दरबारचे गवई झाले. फटाक्याच्या अपघाताने दृष्टी अधू झालेला कुरुंदवाडचा मुलगा विष्णू त्यांच्यापाशी शिकला. १८९६ मध्ये मिरज सोडून बाहेर पडला आणि १९०१ मध्ये लाहोरला त्याने गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांच्या या चळवळीने गाणे दरबारातून मध्यमवर्गाच्या घरात आणले. घराघरांत गाणे म्हणजे घराघरांत तंबोरा. मिरजेच्या कारागिरांचे गिऱ्हाईक आता केवळ संस्थानिक राहिले नाही.

त्यानंतर आले अब्दुल करीम खाँ. किराण्याचे हे थोर गायक मिरजेत स्थायिक झाले. सुराच्या बाबतीत ते कमालीचे काटेकोर होते आणि वाद्यदुरुस्तीची हत्यारे स्वतः हाताळीत. असा गायक शेजारी राहायला आल्यावर कारागिरांची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करावी! वाद्य नापसंत करणारा आणि नापसंतीचे नेमके कारण दाखवून देणारा गुरूच त्यांना लाभला. फरीदसाहेबांच्या वंशजांची जवारी या सहवासात अधिक सूक्ष्म झाली, असे मिरजेत आजही मानले जाते. खाँसाहेबांचे १९३७ मध्ये निधन झाले. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते.

मराठवाड्याचा या कथेशी संबंध केवळ शस्त्रांपुरता नाही. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोहोचली आणि १९२७ मध्ये तिचे दुसरे टोक मिरजेला लागले. लातूर, कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज अशी ती अरुंद रुळांची वाट भोपळ्याच्या मुलखातूनच जाई. उदगीर निजामाच्या रेल्वेवर, तरी लातूर हाकेच्या अंतरावर. उदगीर परिसरात गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह होतात. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात ती जात राहते, हा त्यातला दंडक. मिरजेत मैफलीच्या तंबोऱ्यांबरोबर या भजनी वीणाही घडतात. त्यांना बाजारात तंबोऱ्याची किंमत नाही आणि त्यांच्या जवारीची चर्चा कोणी समीक्षक करीत नाही. तरीही पंचक्रोशीतल्या ज्या माणसाने कधी शास्त्रीय गाण्याची मैफल ऐकली नाही, त्याच्याही कानावर या हुन्नराचा नाद पडलेला असतो. विठ्ठलाच्या नामाला धरलेली ही तार एका मुसलमान शस्त्रकारागिराच्या परंपरेतून आली आहे, याचे त्या गावांना काही नवल वाटत नाही, आणि वाटण्याचे कारणही नाही.

फरीदसाहेबांच्या वारसांवर मात्र त्यांच्यासारखीच वेळ पुन्हा आली. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला. न फुगणारा, न बिघडणारा, पिशवीत मावणारा. पुढे तो मोबाइल फोनमध्येही शिरला आणि फुकट झाला. विद्यार्थ्याला रियाजासाठी खरा तंबोरा विकत घेण्याची निकड उरली नाही. घोडीसाठी पूर्वी हस्तिदंत आणि सांबराचे शिंग वापरीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्याची जागा हाडाने आणि कृत्रिम पदार्थांनी घेतली. चांगले लाकूड महागले. भोपळ्याच्या पिकाला अवकाळी पावसाने गाठले की त्या वर्षीचे सारे गणित चुकते. एक उत्तम तंबोरा व्हायला आठवडेच्या आठवडे लागतात आणि त्या मानाने हातात पडणारा पैसा पाहून घरातली मुले अन्य नोकऱ्या शोधतात, यात त्यांना दोष देता येणार नाही. त्यांच्या पणजोबांच्या पणजोबांनीही बुडणारा धंदा सोडलाच होता. फरक इतकाच की, त्यांच्यासमोर पटवर्धनांचा दरबार उभा होता. आज कोण उभे आहे, हे सांगणे कठीण.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. अन्य ठिकाणच्या वाद्याला आता मिरजेचे नाव लावून विकता येणार नाही. फरीदसाहेबांच्या काळी नावाची चोरी होईल इतके ते नाव मोठेच नव्हते. परदेशातील विद्यार्थी आणि कलावंतही आता मिरजेहून वाद्ये मागवतात. पेटीत भुसा आणि कागद भरून भोपळा समुद्रापार जातो. पण वर्षभराच्या वापराने तारांनी घोडीवर बारीक चऱ्या पाडल्या की ध्वनी उतरतो आणि जवारी पुन्हा काढावी लागते. ते काम अजून यंत्राला जमलेले नाही. मग ते वाद्य सतारमेकर गल्लीत येते, कारागीर तारा सैल करतो, घोडी मोकळी करून गुडघ्यावर धरतो आणि कानस हातात घेतो.